गजर चढतो तिथे काउंट-इन कसा द्यायचा: रीपरमध्ये लय बदलणाऱ्या गाण्याची मांडणी

गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत असेल तर काउंट-इनबद्दल (रेकॉर्डिंगआधी मोजून दिलेल्या ठोक्यांबद्दल) फार काही शिकावं लागत नाही. मेट्रोनोम चालू करायचा, एक आवर्तन ठोके ऐकायचे आणि समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू व्हायचं. घोळ होतो तो अभंगासारख्या गाण्यात. धृपद आणि कडवी मध्य लयीत, शेवटी गजर, आणि गजरात पखवाज लय उचलतो. सलग रेकॉर्ड करताना सगळं ठीक वाटतं. गजराचा तेवढाच तुकडा पुन्हा घ्यायला बसलं की मात्र ठोके जुन्या लयीत वाजतात आणि समेवर सगळे गडबडतात. नाहीतर ठोके बरोबर येतात, पण गायकाचा पहिला शब्दच रेकॉर्ड होत नाही.

या लेखात सगळी उदाहरणं रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधली आहेत. ते हलकं आहे, साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं आणि घरगुती स्टुडिओत बऱ्याच जणांकडे असतं. दुसरं सॉफ्टवेअर असेल त्यांच्यासाठी शेवटाकडे एक छोटा भाग आहे. मेनूतले शब्द आवृत्तीनुसार थोडे मागेपुढे होतात, पण त्यामागची रीत तीच राहते.

उदाहरणाचं गाणं असं धरू: भजनी ठेका, ८ मात्रांचं आवर्तन, मुख्य अभंग ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ मात्रा), गजर १४४ बीपीएमला. ९६ ला एक मात्रा ०.६२५ सेकंदाची, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं. १४४ ला मात्रा ०.४१७ सेकंदाची आणि आवर्तन ३.३३ सेकंदांचं. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे पडताळणीला लागतील.

काउंट-इन आणि प्री-रोल: आधी हा फरक

रीपरमध्ये रेकॉर्डिंगआधी ठोके मिळवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही एकाच खिडकीत शेजारी असल्यामुळे नवखे लोक त्यांना एकच समजतात.

काउंट-इनमध्ये कर्सर जागच्या जागी उभा असतो. मागचं गाणं वाजत नाही, फक्त ठोके वाजतात आणि तेही कर्सर ज्या ठिकाणी आहे तिथल्या लयीत. ठोके संपले की कर्सर चालू लागतो आणि रेकॉर्डिंग सुरू होतं.

प्री-रोलमध्ये सॉफ्टवेअर ठरलेली आवर्तनं मागे जातं, तिथून गाणं खरंच वाजवत पुढे येतं आणि कर्सरच्या जागी रेकॉर्डिंग सुरू करतं. वाटेत लय बदलत असेल तर ठोकेही तसे बदलत येतात.

निवड यावरून करायची: पुढे लय एकदम उडी मारणार असेल तर काउंट-इन, आणि लय हळूहळू चढणार असेल तर प्री-रोल. कारण साधं आहे. उडीच्या जागी प्री-रोल घेतला तर वादकाला दोन आवर्तनं ९६ ऐकू येतात आणि समेवर अचानक १४४ समोर येतं; नवी लय कानात बसायला एकही मात्रा मिळत नाही. उलट, चढाच्या मधोमध काउंट-इन घेतला तर एकच स्थिर लय ऐकू येते, उदाहरणार्थ ११८, आणि पहिल्या मात्रेपासून ती बदलायला लागते. चढ कुठून येतोय आणि किती वेगाने येतोय, हे स्थिर ठोक्यांवरून कळत नाही. ते मागचं गाणं ऐकूनच कळतं.

प्रोजेक्टची मांडणी

१. ऑल्ट+एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा. बीपीएम ९६ आणि टाइम सिग्नेचर (आवर्तनात किती मात्रा ते सांगणारा आकडा) ८/४ भरा. खालचा आकडा ४ च ठेवा. ८/८ लिहिलं तर बीपीएमचा आकडा आणि प्रत्यक्ष ठोक्यांचा वेग यांत दुपटीचा घोटाळा होऊ शकतो, आणि तो ऐन वेळी निस्तरणं कटकटीचं असतं. खाली ४ असला की एक ठोका म्हणजे एक मात्रा, हिशेब सरळ.

२. त्याच खिडकीत टाइमबेस आहे, म्हणजे रेकॉर्ड झालेले तुकडे बीट्सना बांधायचे की सेकंदांना. लयीचा नकाशा आधी बनवून मग रेकॉर्ड करणार असाल तर 'बीट्स' चालेल. काही ऑडिओ आधीच रेकॉर्ड झालेला असेल आणि तुम्ही आता लयीचे मार्कर (लय कुठे बदलते त्याच्या खुणा) घालणार असाल, तर टाइमबेस 'टाइम' करा. नाहीतर मार्कर घातल्याबरोबर पुढचे सगळे तुकडे सरकतात, आणि लांबी व रेटसुद्धा बीट्सना बांधलेले असतील तर ऑडिओ ताणलाही जातो. मार्कर घालण्याआधी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा.

३. गाणं पहिल्या आवर्तनापासून सुरू करू नका. पहिली दोन आवर्तनं मोकळी ठेवा आणि धृपदाची सम तिसऱ्या आवर्तनावर आणा. त्याचं कारण खाली मुखड्याच्या भागात येईल.

४. आता लयीचे मार्कर. मुख्य अभंग तिसऱ्यापासून पन्नासाव्या आवर्तनापर्यंत आहे, ५१ आणि ५२ मध्ये लय चढते आणि ५३ ला गजर आहे असं धरू. कंट्रोल+जे दाबा, ५१.१.०० टाइप करा, एंटर दाबा. कर्सर नेमका आवर्तनाच्या सुरुवातीला जातो. मग शिफ्ट+सी दाबलं की टेम्पो मार्करची खिडकी उघडते. ९६ भरा आणि पुढच्या मार्करपर्यंत लय हळूहळू बदलण्याच्या पर्यायावर खूण करा. मग ५३.१.०० वर जाऊन दुसरा मार्कर, १४४, तिथे ती खूण नको.

५. पडताळणी. रुलरवर मिनिटं-सेकंदही दिसतील असं करा. ५१ वं आवर्तन बरोबर ४ मिनिटं १० सेकंदांवर आलं पाहिजे, कारण त्याआधी ५० आवर्तनं झाली, प्रत्येकी ५ सेकंदांची. ५३ वं ४:१८ ला आलं पाहिजे: सोळा मात्रा, सरासरी १२० बीपीएम, म्हणजे ८ सेकंद.

इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे ५१ चा मार्कर विसरणं आणि हळूहळू बदलण्याची खूण गाण्याच्या पहिल्याच मार्करवर करणं. मग लय सुरुवातीपासूनच किंचित किंचित चढायला लागते. ऐकताना पहिली दोन मिनिटं कोणाच्या लक्षात येत नाही, गायकाला फक्त 'आज जरा घाई होतेय' असं वाटत राहतं. ५१ वं आवर्तन ४:१० च्या आधीच येत असेल तर हेच झालंय असं समजा. कंट्रोल+ऑल्ट+एमने मास्टर ट्रॅक दाखवा आणि त्यावरची टेम्पोची रेघ पाहा. ५१ पर्यंत ती आडवी सपाट असली पाहिजे.

चढाऐवजी पायऱ्या देणं हाही मार्ग आहे: ९६, १०८, १२०, १३२ असे मार्कर दर चार मात्रांवर. नवख्या वादकांना पायऱ्या सोप्या वाटतात, पण दर चौथ्या मात्रेला हिसका जाणवतो आणि तो अंतिम रेकॉर्डिंगमध्येही ऐकू येतो. पखवाजवाला मुरलेला असेल तर सलग चढच द्या.

मेट्रोनोमची खिडकी

वरच्या पट्टीत मेट्रोनोमचं चित्र आहे त्यावर राइट क्लिक करा. इथे काउंट-इन रेकॉर्डिंगआधी हवा की प्लेबॅकआधीही, किती आवर्तनांचा, प्री-रोल कधी आणि किती, असे वेगवेगळे रकाने दिसतात. काउंट-इनची लांबी आवर्तनांत मोजली जाते, मात्रांत नाही, ही गोष्ट आपल्या तालांच्या बाबतीत महत्त्वाची ठरते. ८/४ मध्ये दोन आवर्तनं म्हणजे सोळा ठोके, ९६ ला पूर्ण दहा सेकंद. तेवढा वेळ वादक हात वर धरून बसत नाही, त्याचं लक्ष उडतं. एक आवर्तन पुरतं.

प्लेबॅकआधीचा काउंट-इन बंद ठेवा. नाहीतर नुसतं ऐकायचं असलं तरी प्रत्येक वेळी आठ ठोके ऐकावे लागतील.

रेकॉर्डिंग चालू असताना मेट्रोनोम वाजू द्यायचा की नाही हा स्वतंत्र पर्याय आहे. टाळ-पखवाज आधीच रेकॉर्ड झाले असतील आणि फक्त गायन राहिलं असेल, तर रेकॉर्डिंगमधला मेट्रोनोम बंद करून फक्त काउंट-इन चालू ठेवा. गायकाला ठेका पुरेसा असतो, आणि हेडफोनमधून टिकटिक माइकात गळायची शक्यताही संपते.

पहिल्या मात्रेचा ठोका आणि बाकीचे यांचा आवाज वेगळा ठेवता येतो. सम ओळखू यायला पहिला ठोका स्पष्ट वेगळा हवा, पण फार कर्कश नको. तुमचा स्वतःचा आवाजही घालता येतो. टाळेचा किंवा लाकडी ठोकळ्याचा छोटा नमुना घातला तर बरेच गायक जास्त सहज सुरू होतात.

कर्सर केसभर मागे

काउंट-इन कर्सरच्या जागची लय घेतो, हे वर आलंच. त्यातून एक घोळ होतो, आणि जुन्या लयीत ठोके वाजण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं. ५३ व्या आवर्तनाचा मार्कर ४:१८.००० ला आहे. तुम्ही माउसने कर्सर ठेवलात आणि तो ४:१७.९९ ला पडला. स्क्रीनवर दोन्ही एकाच रेघेवर दिसतात. पण कर्सर अजून ५२ व्या आवर्तनात आहे, आणि तिथे चढ १४४ च्या जवळ आलेला असल्यामुळे फरक कळत नाही. आता हाच प्रकार चढ नसलेल्या, सरळ उडीच्या गाण्यात करून बघा: कर्सर केसभर मागे असला की ठोके ९६ ला वाजणार आणि पहिल्या मात्रेपासून गाणं १४४ ला पळणार.

उपाय दोन. स्नॅप, म्हणजे कर्सर जवळच्या रेघेला चिकटवणारा पर्याय, चालू ठेवा (ऑल्ट+एसने चालू-बंद होतं). त्याहून चांगलं म्हणजे जिथून रेकॉर्डिंग घेणार त्या प्रत्येक जागी कंट्रोल+जेने नेमकं जाऊन एम दाबा आणि साधा मार्कर ठेवा. मग कीबोर्डवरचा १, २, ३ असा आकडा दाबला की कर्सर थेट तिथे जातो. माउसला हात लावायचाच नाही.

आपल्या आवृत्तीत काउंट-इन कसा वागतो हे एकदा डोळ्यांनी, कानांनी बघून घ्या. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या आवर्तनाला ६० आणि पाचव्याला १८० असे मार्कर घाला, कर्सर आधी पाचव्याच्या सुरुवातीला ठेवून रेकॉर्ड करा, मग एका मात्रेने मागे ठेवून. तिप्पट फरक आहे, त्यामुळे कोणती लय वाजतेय याबद्दल शंका राहत नाही.

मुखडा समेच्या आधी उचलला जातो तेव्हा

अभंगाची ओळ समेपासूनच सुरू होईल असं नाही. पुष्कळदा ती पाचव्या मात्रेपासून उचलली जाते आणि सम ओळीच्या मधल्या शब्दावर येते. काउंट-इन तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर संपत असेल, तर गायक काउंट-इनच्या शेवटच्या चार ठोक्यांतच गायला लागतो. रेकॉर्डिंग त्या वेळी सुरूच झालेलं नसतं. फाइल उघडून पाहिलं की पहिले दोन शब्द गायब.

म्हणून दोन आवर्तनं मोकळी ठेवायची. कर्सर दुसऱ्या आवर्तनाच्या सुरुवातीला ठेवा, काउंट-इन एक आवर्तन. गायक आठ ठोके ऐकतो, मग रेकॉर्डिंग सुरू होतं, पहिल्या चार मात्रा शांत जातात आणि पाचव्या मात्रेला तो उचलतो. रेकॉर्डिंग चालू आहे, काही सुटत नाही.

लय बदलते तिथे हाच मुखडा आणखी एक प्रश्न विचारतो: गजराचा मुखडा जुन्या लयीत उचलायचा की नव्या? चढ नसेल, उडी असेल, तर बहुतेक भजनी मंडळींत उचल घेतानाच नवी लय धरली जाते. म्हणजे लयीचा मार्कर ५३ च्या समेवर नको, ५२ च्या पाचव्या मात्रेवर हवा. कंट्रोल+जेने ५२.५.०० वर जा, शिफ्ट+सी, १४४. इथे टाइम सिग्नेचर बदलण्याच्या पर्यायावर खूण अजिबात करू नका. ती खूण केली की रीपर तिथून नवं आवर्तन मोजायला लागतं, पाचवी मात्रा पहिली होते आणि त्यापुढच्या सगळ्या समा चार मात्रांनी चुकतात. लय मध्येच बदलता येते, फक्त आवर्तनाची मोजणी हलवायची नाही. हे ठरवताना गायक आणि पखवाजवाला दोघांना एकदा विचारा. कुठल्या मात्रेला लय उचलली जाते हे स्क्रीनवरून कळत नाही.

थांबा, आणि मग उडी

दुसरा नेहमीचा प्रकार: शेवटच्या कडव्यानंतर सगळे थांबतात, पेटीचा सूर आणि टाळांची गुंज विरू देतात, आणि चार-पाच सेकंदांनी गजर एकदम १४४ ला सुटतो. रेकॉर्डिंगमध्ये हा थांबा जितका सुंदर वाटतो तितकाच त्यातून एकत्र सुटणं अवघड असतं, कारण कोणी हात वर करून इशारा द्यायला समोर नसतो. प्रत्येक जण वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत रेकॉर्ड करत असतो.

इथे काउंट-इन गाण्याच्या आतच बसवायचा. युक्ती अशी की थांब्याचा वेळही नव्या लयीत मोजायचा. थांबा ५ सेकंदांचा हवा असेल तर ५ गुणिले १४४ भागिले ६० म्हणजे १२ मात्रा. मग मांडणी अशी:

५१ व्या आवर्तनाला मार्कर: १४४ बीपीएम, टाइम सिग्नेचर ४/४. ही चार मात्रांची शांतता, १.६७ सेकंद.

५२ ला मार्कर: १४४, ८/४. या आठ मात्रांत ठोके वाजतात, ३.३३ सेकंद.

५३ ला गजराची सम, ४:१५ वर.

लयीचा मार्कर थांब्याच्या सुरुवातीला आहे, गजराच्या सुरुवातीला नाही. त्यामुळे सलग वाजवलं, प्री-रोल घेतला किंवा कुठूनही सुरू केलं, तरी गजराआधीचे आठ ठोके नव्याच लयीत मिळतात. श्रोत्याला ते ऐकू जात नाहीत. त्याला फक्त पाच सेकंदांची शांतता मिळते.

थांबा चार सेकंदांचा हवा असेल तर हिशेब ९.६ मात्रांचा येतो. १० धरा: ४.१७ सेकंद. शांततेतला ०.१७ सेकंदाचा फरक कोणी मोजत नाही. दोन मात्रा शांत (२/४), मग आठ ठोक्यांच्या.

पण एक अडचण उरते: मेट्रोनोम ५१ च्या चार मात्रांतही वाजणार. थांब्यात तो नको असतो. त्यासाठी पुढचा भाग.

क्लिक ट्रॅकवर उतरवून घ्या

लयीचा नकाशा एकदा पक्का झाला की मेट्रोनोमवर अवलंबून राहणं सोडा आणि क्लिकचा स्वतंत्र ट्रॅक करा. लय बदलणाऱ्या गाण्यासाठी आमच्या मते हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. वर सांगितलेल्या अर्ध्या कटकटी इथे आपोआप मिटतात.

नवा ट्रॅक घ्या, नाव 'क्लिक'. कर्सर पहिल्या आवर्तनावर ठेवून इन्सर्ट मेनूतून क्लिक सोर्स घाला. एक तुकडा येतो. त्याची उजवी कड ओढून गाण्याच्या शेवटापर्यंत न्या. तो प्रोजेक्टच्या लयीनुसार वाजतो, चढ आणि उड्यांसकट. आता मुख्य मेट्रोनोम बंद करा. तो विसरलात तर दोन्ही एकदम वाजतील आणि ठोके जाड, दुहेरी ऐकू येतील.

मग हवा तिथे तुकडा कापा. थांब्यातल्या चार मात्रांचा भाग काढून टाका. गजर एकदा नीट सुरू झाला की त्यातलाही क्लिक काढता येतो. मोकळ्या आलापात क्लिक नकोच. शेवटच्या सुरानंतरही तो काढा, नाहीतर तंबोऱ्याच्या विरत्या आवाजात टिकटिक ऐकू येते.

शेवटी हा ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून रेंडर करून घ्या आणि तीच फाइल वापरा. त्यानंतर कोणी चुकून मार्कर हलवला तरी ठोके हलत नाहीत, आणि गफलत झाल्याचं लगेच कळतं. ट्रॅकचा आउटपुट मास्टरला न जोडता फक्त वादकांच्या हेडफोनकडे जाणाऱ्या आउटपुटला जोडा, म्हणजे मिक्समध्ये क्लिक राहून जाण्याची भीती नाही. ऑडिओ इंटरफेसला दोनच आउटपुट असतील तर मिक्स काढताना ट्रॅक म्यूट करायचं लक्षात ठेवावं लागेल.

ठोक्यांऐवजी आवाजात मोजलेलं एक आवर्तनही घालता येतं: समेआधी कोणीतरी नव्या लयीत 'एक, दोन, तीन, चार' म्हटलेलं, किंवा ठेक्याचे बोल. वारकरी मंडळींना, क्लिकवर वाजवायची सवय नसलेल्यांना, हे जास्त रुचतं.

गजराचा तुकडा घेताना मग काउंट-इनची गरज राहत नाही. गजराचा भाग टाइम सिलेक्शनने निवडा, रेकॉर्ड मोड 'टाइम सिलेक्शन ऑटो पंच' करा, कर्सर दोन आवर्तनं मागे ठेवा आणि कंट्रोल+आर दाबा. वाटेतला क्लिक ऐकू येतो, आणि रेकॉर्डिंग फक्त निवडलेल्या भागात होतं. निवड समेआधी दोन मात्रा सुरू करा, म्हणजे किंचित आधी पडलेली थापही सुटत नाही.

बाकीचे ताल

रूपक ७/४ लिहा. त्याचे विभाग ३+२+२ आणि सम 'खाली'च्या मात्रेवर (जिथे टाळी नसते), म्हणजे तबल्यात वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतं. सॉफ्टवेअर पहिल्या ठोक्याला जोर देतं. तबलजीला ते चालतं, पण ठेक्याची सवय नसलेला गिटारवाला चौथीला पहिली समजतो. मेट्रोनोमच्या पॅटर्नमध्ये पहिली, चौथी आणि सहावी ठळक करता येते. पण तिन्हींना एकच आवाज दिला तर सम हरवते. एकट्याने शिकताना ठळक ठेवा, चार जण मिळून वाजवणार असतील तर फक्त पहिली.

झपताल १०/४. एका आवर्तनाचा काउंट-इन.

त्रिताल १६/४ लिहायचा मोह टाळा. विलंबितात ६० बीपीएमला दोन आवर्तनांचा काउंट-इन म्हणजे ३२ सेकंद. ४/४ लिहा, चार-चार मात्रांचे विभाग आपोआप दिसतात, आणि समेच्या जागी मार्कर ठेवा. काउंट-इन अशा दोन विभागांचा, म्हणजे आठ ठोके.

क्लिकशिवाय गायलेलं गाणं

कधीकधी मंडळ आधी मोकळं गातं आणि त्यावर बाकीची वाद्यं चढवायची असतात. मग प्रत्येक समेवर मार्कर घालून नकाशा गाण्याला जुळवावा लागतो, आणि आवर्तनागणिक लय ९४.३, ९७.१, ९५.८ अशी हलत राहते. अशा गाण्यात काउंट-इन फसवतो. तो कर्सरच्या एकाच आवर्तनाची लय धरतो, आणि ते आवर्तन नेमकं घाईचं असू शकतं. इथे नेहमी प्री-रोल, दोन आवर्तनांचा. वादक ठोक्यांवरून नाही, मागच्या गाण्यावरून लय धरतो.

उशीर

काउंट-इन बरोबर, लय बरोबर, तरी रेकॉर्ड झालेली थाप ठोक्याच्या मागे दिसते: हे लेटन्सीचं, म्हणजे आवाज संगणकातून जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचं, काम. रेकॉर्डिंगच्या प्रेफरन्सेसमध्ये ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी वापरायचा पर्याय चालू आहे का बघा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल्सचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१ मिलिसेकंद. तपासायचं असेल तर हेडफोनचा एक कप माइकाला लावून क्लिक रेकॉर्ड करा आणि झूम करून मूळ क्लिकशी ताडून बघा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर तेवढा ऑफसेट हाताने भरता येतो.

ब्लूटूथ हेडफोन वापरूच नका. दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशीर सहज होतो, आणि १४४ ला अख्खी मात्राच ४१७ मिलिसेकंदांची आहे. हेडफोन तारेचा, मागून बंद असलेला हवा.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

क्यूबेसमध्ये मेट्रोनोम सेटअपमध्ये प्रीकाउंटसाठी (काउंट-इनचं तिथलं नाव) तीन पर्याय आहेत. एकात प्रीकाउंट प्रोजेक्टमधले लयीचे बदल पाळतो, एकात रेकॉर्डिंग सुरू होतं त्या जागची लय आणि टाइम सिग्नेचर घेतो, आणि एकात टाइम सिग्नेचर तुम्ही ठरवता व टेम्पो ट्रॅकमधले बदल लागू होत नाहीत. उडीसाठी दुसरा, चढासाठी पहिला.

एबलटन लाइव्हमध्ये मेट्रोनोमशेजारच्या मेनूत एक, दोन किंवा चार आवर्तनांचा काउंट-इन मिळतो आणि वर उणे आकडे दिसतात. लय बदलायची असेल तर मुख्य ट्रॅकवर टेम्पोचं ऑटोमेशन.

प्रो टूल्समध्ये कंडक्टरचं बटण बंद असेल तर लयीचा नकाशा पाळलाच जात नाही, हाताने दिलेली एकच लय चालते. सगळं बरोबर मांडूनही लय बदलत नसेल तर आधी ते बटण बघा.

गाणं दुसऱ्या स्टुडिओत पाठवायचं असेल तर रीपरच्या फाइल मेनूतून प्रोजेक्टची मिडी फाइल काढा आणि त्यात लयीचे बदल घालण्याच्या पर्यायावर खूण करा. सोबत रेंडर केलेला क्लिक पाठवा, दोन्ही शून्य सेकंदापासून सुरू होणारे. समोरच्याने मिडी आत घेतली की नकाशा तयार होतो, आणि क्लिकची फाइल खाली लावून ठोके जुळतात का हे अर्ध्या मिनिटात कळतं. गजराच्या समेवर झूम करून बघायला सांगा. सुरुवातीला सगळंच जुळतं.

काही बिघडलं तर

काउंट-इन अजिबात वाजत नाही: मेट्रोनोमचं मुख्य बटण बंद आहे, किंवा खूण प्लेबॅकच्या रकान्यात केलीय आणि रेकॉर्डिंगची राहिलीय.

ठोके वाजतात पण मोजणी चुकते, आठऐवजी चारच येतात: त्या जागी टाइम सिग्नेचर अजून ४/४ आहे. थांब्यासाठी घातलेला ४/४ चा मार्कर पुढे परत ८/४ केला नसेल.

मिडी कीबोर्डवरचा पहिला सूर गायब: बोट समेच्या किंचित आधी पडलं आणि रेकॉर्डिंग तोवर सुरू झालं नव्हतं. एक आवर्तन आधी रेकॉर्ड करायला लागा, नंतर कापा.

गजरात क्लिक आणि पखवाज हळूहळू लांब जातात, सुरुवातीला जुळलेले असतानाही: ५३ चा मार्कर १४४ चा आहे पण त्याच्यावर चुकून हळूहळू बदलण्याची खूण राहिलीय, आणि पुढे कुठेतरी शेवटी विसरलेला एक मार्कर आहे. टेम्पोची रेघ शेवटपर्यंत सरकवून बघा. तो मार्कर बहुधा गाणं संपल्यानंतरच्या रिकाम्या जागेत सापडतो.